दांडीआडचा चेहरा

दुपारचं जेवण झाल्यावर भानू कुंडूनं स्टुडिओचं शटर अर्धं ओढून घेतलं, पंखा लावला आणि हातांत पांढरे सुती मोजे चढवले. निगेटिव्हवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून हे मोजे. ऐंशीव्या वर्षी बोटं थरथरायला लागली होती, पण मोज्यांची शिस्त काही सुटली नव्हती.

समोरच्या बाकावर शिउली हाजरा बसली होती. वय सहासष्ट, कोरी पांढरी साडी, मांडीवर कापडी पिशवी. तिची आई जाऊन दहा दिवस झाले होते. गावातल्या मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत तिनं चौतीस वर्षं शिकवलं, आणि त्या नोकरीची एक खोड तिला कायमची लागली. समोरचा बोलायला लागला की ती त्याच्या डोळ्यांकडे बघायची नाही, ओठांकडे बघायची. गावात बाकी कुणाला त्याचं काही वाटत नसे. भानूला मात्र ती आली की तोंडावर रुमाल धरावासा वाटे.

"चहा सांगू?" त्यानं विचारलं.

"नको भानुदा, सुतक आहे. तुम्ही तेवढं काम करा. परवा श्राद्ध आहे."

"एवढ्या वर्षांची फिल्म आहे, शिउली. काही दिसेल असं समजू नकोस."

"दिसेल तेवढं द्या. आई शेवटचे आठ दिवस एकच म्हणत होती. झंटूचं तोंड आठवत नाही ग, म्हणायची. शर्ट आठवतो, चालणं आठवतं, तोंड आठवत नाही. तशीच गेली. आता तिच्या फोटोशेजारी त्याचा लावायचाय. एवढंच."

झंटू म्हणजे तिचा थोरला भाऊ. एकाहत्तरच्या पावसाळ्यात पोलिसांनी नक्षलवादी म्हणून त्याला नेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. परत आला नाही, आणि त्याचं प्रेतही कुणी दाखवलं नाही. त्या वर्षी हुगळीच्या काठाला घरोघरी हेच चाललं होतं, ज्या घरात तरुण पोर त्या घरात फोटो ठेवायचा नाही, पोलिसांना ओळख पटते. झंटूच्या आईनंही पोराचे सगळे फोटो स्वतःच्या हातानं चुलीत घातले होते. उरला होता तो एकच, फुटबॉल क्लबाला ढाल मिळाली तेव्हा भानूनं काढलेला अकरा पोरांचा. त्याची निगेटिव्ह अठ्ठ्याहत्तरच्या पुरात गेली, असं भानू शिउलीला गेली चाळीस वर्षं सांगत आला होता. परवा सुनेनं रंगकामासाठी माळा उपसला, पत्र्याचा डबा उघडला आणि सरळ जाऊन शिउलीला सांगून आली. आता नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

त्यानं डब्यातून पट्टी काढली. तीन चौकोनांची, तळहाताएवढ्या रुंदीची फिल्म. उजेडाकडे धरली. मधल्या चौकोनात पोरं होती, काळी तोंडं, पांढरे केस, जसं निगेटिव्हमध्ये असतं तसं. सहा उभी, पाच बसलेली. उभ्या रांगेत उजव्या टोकाला झंटू. चौकोन स्वच्छ होता. पुराचं पाणी कधी लागलंच नव्हतं त्याला.

स्कॅनरसाठी एक काळी प्लास्टिकची चौकट असते. तिच्यात पट्टी बसवायची, सरकती दांडी दोन चौकोनांच्या मधल्या कोऱ्या जागेवर आणायची, आणि वरून झाकण दाबायचं. म्हणजे फिल्म फुगत नाही. त्यानं हवेच्या फुग्यानं धूळ उडवली, दांडी नीट कोऱ्या जागेवर आणली, झाकण टक्‌ करून बसवलं. चौकट काचेवर ठेवली. यंत्राचा दिवा घुर्र करत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सरकला.

पडद्यावर दहा पोरं आली. अकरावं, उजव्या टोकाचं, तोंडासकट दांडीखाली गेलं होतं.

"हात हलला," भानू म्हणाला.

पुन्हा बसवली. ह्या वेळी भिंग डोळ्याला लावून, केसाइतकी जागा मोजून. दिवा सरकला. दहा पोरं, आणि दांडीखालून बाहेर आलेली झंटूच्या शर्टाची बाही.

त्यानं पट्टी उलट्या टोकानं घातली. दांडी पुन्हा झंटूच्याच तोंडावर. मग चकचकीत बाजू वर करून घातली. आता पोरं आरशात दिसावीत तशी डावीची उजवी झाली, झंटू डाव्या टोकाला गेला, आणि दांडीही त्याच्यामागोमाग डाव्या टोकाला गेली. फिल्म जुनी होती, गुंडाळून गुंडाळून तिला बाक आला होता. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की ती झटकन वळायची आणि त्याच्या बोटांतून निसटायची.

"दांडी काढूनच टाका ना," शिउली म्हणाली.

त्यानं दांडी उपसून टेबलावर, दोघांच्या मध्ये ठेवली. पट्टी नुसतीच बसवली. दिवा सरकला. पडद्यावर दहा पोरं आली, आणि टोकाला काळा उभा पट्टा. सरळ, बोटभर रुंद, कडा धारदार.

दांडी टेबलावर होती. दोघंही तिच्याकडे बघत राहिले. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी सुट्या पैशांवरून भांडत होता.

"हे काय... भानुदा?"

"यंत्र बिघडलंय." पण ते का होतंय, हे त्याला पहिल्याच खेपेला कळलं होतं.

त्या पावसाळ्यात ठाण्यावरून बोलावणं आलं तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. कुणी त्याला हात लावला नाही. मार खाऊन बोललो असतो तर निदान स्वतःला तरी माफ केलं असतं, असं त्याला पुढे हजार वेळा वाटलं. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, वर दोन बिस्किटं दिली. टेबलावर त्यानंच काढलेला ढालीचा फोटो होता. "ह्यांतला हाजरांचा पोरगा कोणता?" एवढंच विचारलं. भानूनं बिस्किट चहात बुडवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट उजव्या टोकावर ठेवलं. एका मिनिटाचं काम. बिस्किट विरघळून चहात पडलं, ते त्याला अजून आठवत होतं.

गावानं संशय घेतला तो हाजरांच्या शेजारच्या हरेन मास्तरवर. झंटूच्या आईनं भर रस्त्यात त्याच्या अंगावर शेणाचं पाणी टाकलं. मास्तर बायकापोरांसह गाव सोडून गेला, आणि भानू त्याला स्टेशनवर पोचवायला गेला होता. भानूइतका नीच माणूस शोधून सापडला नसता, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मला द्या," शिउली म्हणाली.

"तुला जमायचं नाही. फिल्म वळते, ओरखडा पडेल."

"पडू दे. मोजे काढा."

तिनं त्याच्या हातातले मोजे ओढून घेतले आणि घातले. पट्टी उचलली. तिच्या हातात ती वळली नाही, निसटली नाही, इस्त्री केलेल्या कापडासारखी चौकटीत सपाट पडली. तिनं दांडीही बसवली, अंदाजानं, भिंगाशिवाय. दिवा सरकला.

अकरा पोरं.

शिउली पडद्याजवळ सरकली. झंटूला मिसरूड फुटलेलं होतं, कपाळावर केस होते, ओठ घट्ट मिटलेले. भानूनंच त्या दिवशी दटावलं होतं, श्वास रोखा, तोंडं मिटा. अकराच्या अकरा तोंडं मिटलेली होती.

"हाच," ती म्हणाली. "आईला दाखवायला हवा होता हो. दहा दिवस आधी... नुसते दहा दिवस." मग तिनं पदरानं डोळे पुसले. "जरा काळपट आलाय. आणखी एकदा काढते."

दिवा सरकला. चित्र पुन्हा आलं. दहा तोंडं मिटलेली होती. झंटूचं उघडं होतं.

दोघांनीही आपापल्या जागी मान पुढे केली.

"आधी मिटलेलं होतं," शिउली हळू म्हणाली. "ओठ मिटले... मग उघडले." तिचे स्वतःचे ओठ नकळत तसेच हलले. तोंडातून शब्द आला तो अगदी लहान पोरीसारखा. "मा. तो मा म्हणतोय, भानुदा. आईला हाक मारतोय."

भानूला वाटलं, सुटलो. "होय ग," तो घाईनं म्हणाला. "माच म्हणतोय. दुसरं काय म्हणणार? बस झालं, हाच काढून देतो. मोठा करून देतो, फ्रेम माझ्याकडून."

त्यानं माऊसकडे हात नेला. शिउलीनं तो अलगद बाजूला केला.

"थांबा. पुढे काहीतरी आहे."

"काही नाही, शिउली. फिल्म सडलीय..."

दिवा सरकला. झंटूचे ओठ गोल झाले होते, पुढे आलेले.

"मग मा नाही," ती पुटपुटली. ती आता रडत नव्हती. वर्गात फळ्यापुढे उभी राहायची तशी ताठ बसली होती. "ओठांवर प, ब, भ, म सगळे सारखेच दिसतात. माझी पोरं नेहमी चुकायची. म्हणून मी सांगायची, नुसतं पहिल्या अक्षरावर जाऊ नका, पुढचं बघा." दिवा सरकला. झंटूची जीभ दातांमागे टेकलेली दिसत होती, तोंड उघडं. "तीन अक्षरं आहेत. मा... नु... नाही. बा... काय असेल? आणखी एकदा काढूया, भानुदा."

तिचे ओठ त्या शेवटच्या हाकेवरच उघडे राहिले.

मग तिनं ते पुन्हा म्हटलं. ह्या वेळी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, एकेक अक्षर सुटं करून. पडद्याकडे बघत एकदा. आणि वळून, त्याच्या तोंडाकडे बघत, एकदा.

भानूनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याला वाटलं ती किंचाळेल, अंगावर धावून येईल. ती हललीसुद्धा नाही. तिचे मोजे घातलेले हात मांडीवर होते, माऊस टेबलावर एकटा पडला होता.

यंत्राचा दिवा पुन्हा सरकायला लागला. नाव तर पुरं झालं होतं. पण पडद्यावर झंटूचं तोंड अजून बोलत होतं, आणि शिउली पुढे वाकून वाचत होती.