मुंजाबांची कॅसेट

खोटं वाटेल, पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही. भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भरदुपारची आहे. मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली, औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातली.

दुकान आमच्या बद्रीनाथचं. जुने अँप्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट डेक, सगळी मेलेली यंत्रं तो जिवंत करतो. पंचावन्नचा झाला, पण एखादा जुना स्पीकर दुरुस्त होऊन नीट बोलायला लागला की पोरासारखा खूश होतो. जेवण विसरतो. बायको चिडते.

त्या शनिवारी लासूर स्टेशनहून एक म्हातारी आली. सारजाबाई. गोधडीत गुंडाळलेला कॅसेट डेक तिने काउंटरवर ठेवला आणि कनवटीची पिशवी सोडून एक कॅसेट काढली.

"बाबा, ह्याच्यात आमच्या मालकांचा आवाज हाये. जाऊन अकरा वर्सं झाली. फोटो बी हाये, पण फोटो बोलत नाय."

गावात दुसऱ्या कुणाच्या टेपवर एकदा लावली, तर त्या टेपने फीत गिळायला घेतली होती. तेव्हापासून ती पुन्हा लावायला तिचा जीव धजत नव्हता. मालकांचंच हे बंद पडलेलं मशीन दुरुस्त करून त्यावर ऐकायची, असं तिने ठरवलं होतं.

मालक म्हणजे मुंजाबा. जन्मभर मेंढ्या राखल्या, पण आवाजाचा भारी शौक.

"मागच्या खुंट्या त्येंनीच मोडल्या," ती म्हणाली. "म्हनले, आता माझ्यावर कुनाला काय भरता येनार नाय."

कॅसेटच्या पाठीला दोन खुंट्या असतात. त्या मोडल्या की मशीन रेकॉर्डचं बटण दाबूच देत नाही.

"मंगळवारी या, मावशी. वाजवूनच देतो," बद्रीनाथ म्हणाला.

मंगळवारी दुपारी डेक तयार झाला. नवा बेल्ट घातला. हेड स्पिरिटने पुसलं. कॅसेट न घालता रेकॉर्डचं बटण तपासायचं म्हणून त्याने आतल्या खिट्टीला आगपेटीची काडी लावली. ही त्याची जुनी युक्ती. काडी लावली की मशीनला वाटतं, खुंटी शाबूत आहे.

काडी काढायची राहिली.

ऊन मी म्हणत होतं. त्याने शटर अर्धं ओढलं, म्हातारीची कॅसेट घातली आणि आपल्या आवडत्या मोठ्या स्पीकरवर लावली.

आधी वारा...

मग मेंढ्यांच्या गळ्यातली घुंगरं. डावीकडून आली, उजवीकडे गेली. अख्खा कळप दुकानातून चालल्यासारखं वाटलं. "हुर्र... हाव..." असा एक खर्जातला, मोकळा आवाज. थोडं हसू. आणि मग अगदी जवळून...

"सारजे... ऐकतीस नव्हं?"

बद्रीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढं वाक्य पुन्हा ऐकावं म्हणून त्याने फीत जरा मागे घेतली. इतक्यात फोन वाजला. पाच मिनिटं कुणाशी तरी बोलला. परत आला, आणि रेकॉर्डिंग तपासायच्या तीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालले. माइक लावला. रेकॉर्ड आणि प्ले, दोन्ही बटणं दाबली.

"हॅलो... एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात..."

सातवर त्याची नजर फिरणाऱ्या कॅसेटवर गेली.

काडी आठवली. थांबवलं. मागे घेऊन लावलं. हॅलो, एक, दोन... सात. मग खट्. मग नुसती घुंगरं.

सारजेला मारलेली हाक गेली होती.

पुसलेलं परत येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? लाज वाटली, आणि लाजेपोटी माणूस आणखी वाईट वागतो. त्याने माइक काढला आणि आपले आकडेही पुसून टाकले. तिथे कोरी शांतता भरली. फीत जुनी होती, तेवढा तुकडा खराब निघाला, असं सांगायचं.

पाच वाजता सारजाबाई आली. स्पीकरसमोर स्टुलावर बसली. पदर सावरला.

वारा... घुंगरं... हुर्र, हाव... हसू...

मग शांतता.

"सारजे... ऐकतीस नव्हं?"

आवाज बद्रीनाथचा होता.

हे शब्द तो जन्मात कधी बोलला नव्हता.

म्हातारीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "ह्यो तर तुझा आवाज हाये, बाबा."

त्याने घाईने डेक बंद केला.

"मालक कुठं गेले?"

"मावशी, फीत... फीत जुनी होती..."

ती रडली नाही, ओरडली नाही. स्पीकरवर तळहात ठेवून जरा वेळ बसली. "त्येंच्या जागेवरनं हाकललंस तू त्येंला. आता कुठं तरी बसतीलच ते." डेक परत गोधडीत बांधला आणि बस गाठायला निघून गेली.

बद्रीनाथ पुढे कित्येक दिवस भ्यालेला होता. मग कामात विसरला.

दिवाळीत त्याची मुलगी श्रेया पुण्याहून घरी आली. दरवर्षी ती आपल्या बारशाची कॅसेट लावते. त्यात बद्रीनाथ तिला हाका मारतो आणि ती खुदूखुदू हसते. तिच्या तान्हेपणाचं तेवढं एकच हसू जपलेलं आहे. त्या कॅसेटच्या खुंट्या त्याने स्वतः मोडल्या होत्या.

फराळाची ताटं घेऊन सगळे बसले. श्रेयाने बटण दाबलं.

वारा...

बारसं घरात झालं होतं. वारा कुठला?

मग घुंगरं. आणि अगदी जवळून, खर्जातला, मोकळा...

"श्रेया... ऐकतीस नव्हं?"

आणि तान्ही श्रेया हसली. त्या आवाजाला ओळखून हसावं, तशी.

"बाबा, हे कोण आहे?" श्रेयाने विचारलं. बद्रीनाथने उठून डेकची वायर भिंतीतून ओढून काढली.

त्याच क्षणी त्याचा फोन वाजला. लासूर स्टेशनचा नंबर.

"बाबा," सारजाबाई म्हणाली, "मालक तुझ्याकडं आलेत नव्हं?"

हो म्हणायचं तर कॅसेट द्यावी लागणार. आणि लेकीचं हसू त्याच कॅसेटवर.

"नाही, मावशी," तो म्हणाला.

इकडे घरात कसलाच आवाज नव्हता. डेक बंद, वायर त्याच्या हातात.

"मंग तुझ्या मागं घुंगरं कुनाची वाजत्यात?"

बारशाची कॅसेट अजून त्याच्याच कपाटात आहे, कुलपात. आपल्या आवाजाच्या जागी कोण बोलेल या भीतीने तो आता कुणाला आवाजी निरोप पाठवत नाही, सगळं टाइप करतो. दर मंगळवारी लासूरला जायचं ठरवतो आणि जात नाही. म्हातारीचा फोन मात्र अधूनमधून येतो. ती काही बोलत नाही, नुसती घुंगरांना कान लावून असते... आणि तोही फोन ठेवत नाही.