स्टुत्झमनच्या दुकानावरचा हॉल

त्या दिवशी मी घरून निघाले ती एक पियानो सुरात लावायला. त्यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं. पिशवीत तारा पिळायची किल्ली, नादकाटा, तारा दाबून धरायला नमद्याच्या चार पाचरी आणि दुपारसाठी अंड्याचं सँडविच. साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, जानेवारीतला गुरुवार. आदल्या दिवसापासून बर्फ पडत होता. पण ओहायोत बर्फ पडला म्हणून घरात बसायचं ठरवलं, तर माणसाने मार्च उजाडेपर्यंत पलंगावरून उतरूच नये.

आमच्या बेल्डन गावची मेन स्ट्रीट म्हणजे कोर्टापासून धान्याच्या कोठारापर्यंतचा सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना लाल विटांच्या इमारती, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या, आणि प्रत्येकीच्या कपाळावर तिचं साल कोरलेलं. खालच्या मजल्यांवर माणसं, वरच्या मजल्यांवर कबुतरं. वरती पूर्वी दातांचे डॉक्टर होते, शिंपी होते, वकील होते; ते गेले आणि जिन्यांना कुलपं लागली. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या आम्हालाही आपल्या डोक्यावर एवढ्या खोल्या आहेत हे आठवत नसे.

मर्ल स्टुत्झमनच्या हार्डवेअरच्या दुकानावर तर अख्खा हॉल होता. त्याला सगळे ऑपेरा हाऊस म्हणत. तिथे ऑपेरा कधीच झाला नाही. शाळेचे पदवीदान समारंभ झाले, जादूगार आले, दारूबंदीची व्याख्यानं झाली, नाच झाले. मग लोक सिनेमाकडे वळले आणि हॉल बंद झाला, त्याला सव्वीस वर्षं झाली होती. आता नगरपालिकेला इमारतींची ती सगळी रांगच पाडून मोटारी लावायला जागा करायची होती. समोर खानावळ चालवणारी ओनीता फ्राय म्हणाली, "जे कोणी पाहिलेलंच नाही, त्यासाठी भांडणार कोण? आधी लोकांना वर घेऊन जाऊ." म्हणून वसंतात तिथे गाण्याचा कार्यक्रम करायचं ठरलं. पियानो वरच होता. तो खाली उतरवणं कोणाला जमलं नव्हतं, म्हणूनच वाचला होता.

मर्ल आणि मी पहिलीपासून एका वर्गात. जिन्याची चावी देताना तो म्हणाला, "आर्डिस, उंदरांनी त्या पेटीत काही शिल्लक ठेवलं असेल तर ओरडून सांग."

"ते तुझ्यासारखे असतील तर काळजी नाही," मी म्हणाले. "दिवसभर शेगडीशी बसून कॉफी पीत असतील."

शेगडीभोवतीचे म्हातारे हसले. मर्लने मला रॉकेलचा कंदील पेटवून दिला. वरची वीज केव्हाच तोडलेली होती.

जिना दुकानाला लागूनच, रस्त्यावर उघडणाऱ्या वेगळ्या दारातून. सव्वीस पायऱ्या, मग वळण, मग तेरा. वरचं दार ढकललं आणि मी तशीच उभी राहिले. मी शाळा सोडली तेव्हाचं पदवीदान तिथेच झालं होतं, पण हॉल इतका देखणा होता हे मी साफ विसरले होते. पत्र्याचं नक्षीदार छत, सज्जाला सोनेरी वेलबुट्टी, आणि रंगमंचावर टांगलेल्या पडद्यावर एक रंगवलेलं सरोवर. समोर लाकडी खुर्च्यांच्या रांगा. बसलं की बैठक खाली, उठलं की टप्प करून वर. त्या वेळी सगळ्या बैठका वर मिटलेल्या होत्या. उंच खिडक्यांतून बर्फाचा निळसर उजेड येत होता आणि छतावरून अधूनमधून बारीक कुरकुर ऐकू येत होती. जुनी इमारत आहे, कुरकुरणारच, असं म्हणून मी कामाला लागले.

पियानोची अवस्था वाईट होती, पण हताश करणारी नव्हती. मधल्या सप्तकापासून सुरुवात केली. हे काम घाईचं नाही. एक पट्टी दाबायची, तार ऐकायची, किल्ली केसभर फिरवायची, पुन्हा ऐकायचं. बोटं गारठून जात, मग ती कंदिलावर शेकायची. असे दोन तास गेले असतील. चार वाजून गेले होते आणि खिडक्यांतला उजेड राखेच्या रंगाचा झाला होता.

तेव्हा मागे पहिली खुर्ची वाजली.

टप्प नाही. लाकूड हलकेच खाली दाबलं जातं, तसा आवाज... करर्र. मी वळून पाहिलं. कंदिलाचा उजेड तिसऱ्या रांगेपर्यंतच पोचत होता. त्यापुढे अंधार. थंडीने लाकूड आक्रसतं, हे मला माझा धंदाच शिकवतो. मी पुन्हा तारेला कान लावला.

मग दुसरी. मग सज्जात एक. मग इकडे दोन, तिकडे तीन, जसे लोक कार्यक्रमाला येतात तसे. आधी वक्तशीर म्हातारे, मग कुटुंबं, मग उशिरा येऊन रांगेतल्यांचे पाय तुडवणारे. आणि वास आला. ओल्या लोकरीचा, कापराच्या गोळ्यांचा, पेपरमिंटचा, केसांना लावायच्या तेलाचा. बेल्डनची माणसं हिवाळ्यात चांगले कपडे घालून एका खोलीत बसली की हाच वास येतो. तो मी चर्चमध्ये आयुष्यभर घेतला होता.

तुम्हाला वाटेल मी पळाले असेन. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते, ते कबूल करते. पण छोट्या गावात वाढलेल्या माणसाला एक कळतं: खोलीतली माणसं आपलीशी आहेत की नाहीत. ती आपली होती. ती थांबली होती. मागून कोणीतरी हळूच खाकरलं. सव्वीस वर्षं ज्यांना कोणी काही ऐकवलं नव्हतं त्यांच्यासमोर एकच तार टणटण वाजवत बसणं मला बरं वाटेना. म्हणून जेवढ्या पट्ट्या सुरात आल्या होत्या तेवढ्यांवर मी नाचाची एक जुनी धून, एक वॉल्ट्झ, धरला. वरच्या पट्ट्या बेसूर होत्या, त्या टाळल्या. आणि खरं सांगते, इतकं मन लावून माझं वाजवणं कधी कोणी ऐकलेलं नाही. श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. तो येणारच नव्हता म्हणा.

वॉल्ट्झचा दुसरा भाग सुरू केला आणि माझ्या डाव्या खांद्याशी कोणीतरी बोललं. बाईचा आवाज, वयस्कर, दबका.

"आता पुरे, बाई..."

माझी बोटं थांबली.

"ऊठ," आवाज म्हणाला. "घरी जा..."

आणि त्याच क्षणी सगळ्या हॉलमधल्या बैठका एकदम वर आदळल्या. दोन-अडीचशे तरी असतील. मग पावलं. धावपळ नाही, ढकलाढकली नाही. शाळेत आग लागल्यावर बाहेर पडायची तालीम होते तशी रांगेने, दाराकडे. फळ्या हलत होत्या. वाऱ्याची झुळूक माझ्याजवळून गेली आणि कंदील विझला.

मला भीतीपेक्षा राग आला, हे सांगायला लाज वाटते. वाजवणाऱ्याला मध्येच टाकून सगळे उठून गेले तर काय वाटेल? मी किल्ली पिशवीत टाकली, पाचरी चाचपडून गोळा केल्या, कोट चढवला आणि भिंतीला हात लावत दारापर्यंत आले. मनात एवढंच होतं की यांना गाठावं आणि विचारावं, एवढं काय चुकलं माझं? तेरा पायऱ्या, वळण, सव्वीस पायऱ्या. जिना रिकामा होता. फक्त तो पेपरमिंटचा वास अजून रेंगाळत होता.

खाली रस्त्यावरचं दार सताड उघडं होतं आणि ते धरून मर्ल उभा होता. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. मला पाहून तो एक पाऊल मागे सरला.

"मर्ल, आत्ता कोण..."

वरून एक लांबलचक कण्हणं आलं. एखादं मोठं जनावर गोठ्यात कूस बदलतं तसं. मर्लने माझा दंड धरला आणि मला ओढत रस्ता पार केला. आम्ही ओनीताच्या दारात पोचतो तोवर ऑपेरा हाऊसचं छप्पर बर्फासकट खाली बसलं. उंच खिडक्यांतून पांढरा लोट बाहेर आला आणि मग बराच वेळ नुसत्या काचा पडत राहिल्या.

शेगडीजवळचे म्हातारे चारलाच घरी गेले होते. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

ओनीताने मला घोंगडीत गुंडाळून आम्हा दोघांच्या पुढ्यात बीन्सचं सूप ठेवलं. मर्ल समोर बसला. जेवला नाही. मध्येच हात पुढे करून त्याने माझी बाही चिमटीत धरली.

"तू... तूच ना?" तो म्हणाला.

"नाही, मी बँकेचा मॅनेजर," मी म्हणाले. "सूप पी, थंड होतंय."

त्याने तो विषय तिथेच सोडला. बर्फ छप्पर पडण्याआधीच थांबला होता; सहाच्या सुमाराला असा कडक गारठा पडला की रस्त्यावर कोणी पाऊल टाकेना. ओनीताने मला घरी जाऊ दिलं नाही. त्या रात्री मी तिच्याच खानावळीमागच्या खोलीत झोपले.

सकाळी उजाडल्यावर पाहिलं तर छप्पर मागच्या अर्ध्या भागाचं पडलं होतं, नेमकं खुर्च्यांवर. तुळया आरपार घुसल्या होत्या. रंगमंच आणि पियानो शाबूत होते. पण मी बाहेर पडायला जायची ती वाट त्या तुळयांखालूनच होती. पाच मिनिटं उशीर झाला असता तर मला फावड्याने काढावं लागलं असतं.

मग गंमत झाली. जे लोक ती रांग पाडायला हो म्हणत होते, तेच शिड्या घेऊन आले. भोक पडलेलं छप्पर आणि त्यातून दिसणारी सोनेरी वेलबुट्टी पाहिल्यावर कोणाला राहवेना. एकाने लाकूड दिलं, शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर दिले, शाळेतल्या सुतारकामाच्या मास्तरांनी खुर्च्या दुरुस्त केल्या. नगरपालिका गप्प बसली. ऐंशी सालच्या ऑक्टोबरात कार्यक्रम झाला तेव्हा एकही खुर्ची रिकामी नव्हती. ओनीता पहिल्या रांगेत बसून पहिल्या गाण्यापासून रडत होती.

त्या रात्री सगळे पांगल्यावर मर्ल आणि मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो होतो. तो बराच वेळ टोपी फिरवत राहिला.

"पावणेतीन वर्षं सांगीन सांगीन म्हणतोय," तो म्हणाला. "तू हसणार नाहीस ना?"

"बोल."

"त्या दिवशी मला जिन्यावर पावलं ऐकू आली. खूप. मी बाहेर येऊन दार धरलं. माणसं उतरत असली की आपण धरतो तसं. डोळ्यांना कोणी दिसत नव्हतं, नुसता गारवा जवळून जात होता. मी धरूनच उभा राहिलो, सोडायची हिंमत होईना. आणि त्या गर्दीत मध्येच... तू आलीस."

"मी शेवटी आले. मी तर..."

"ऐकून घे. तू आलीस. कोट, पिशवी, सगळं. माझ्याकडे बघून मान हलवलीस, आणि रस्त्याने वर निघून गेलीस. मी हाक मारली, तू वळली नाहीस. मग जिना शांत झाला. आणि मग तू परत वरून उतरलीस." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "आर्डिस, तू दोनदा उतरलीस."

मी हसले नाही.

"दुसऱ्या दिवशी सकाळी मी बर्फातल्या ठशांमागून गेलो," मर्ल म्हणाला. "गोठून दगड झाले होते. बाकी कोणाचे नव्हते, तुझ्याच बुटांचे. कोर्टावरून वॉलनट स्ट्रीट, आणि तुझ्या ओसरीवर. आत गेलेले होते. बाहेर आलेले नव्हते."

मर्ल आता नाही. त्याला मी एक गोष्ट कधीच सांगितली नाही. त्या सकाळी मी ओनीताकडून घरी आले तेव्हा स्वयंपाकघर ऊबदार होतं, आणि माझ्या पलंगावरची रजई बाजूला सारलेली होती, आपण नुकतेच उठून गेलो की राहते तशी. नळ गोठू नयेत म्हणून शेजारीण येऊन शेगडी पेटवून गेली असेल असं मी तेव्हा धरलं होतं. मर्लचं ऐकल्यावर मी शेजारणीला विचारलं. ती त्या आठवड्यात बहिणीकडे गेली होती.

मी अजून त्याच घरात राहते. एकटीच, असं लोक म्हणतात. घर चांगलं आहे, सोडायचं काही कारण नाही, आणि कोणी मला कधी त्रास दिलेला नाही. फक्त बाहेरून आले की मी आधी दार वाजवते आणि खुर्चीतून उठायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबते.

बहुतेक वेळा आत शांत असतं.