लिटरमागे नऊ

आमची पहिली भेट झाली तेव्हा तो माझ्या व्हॅनखाली उताणा पडला होता.

डिझेल भरताना मी पंपवाल्यावर तणतणत होते. माझी व्हॅन पंधरा वर्षांची. नर्सरीतल्या कुंड्या ऑफिसांत पोचवायची. लिटरला बारा किलोमीटर देणारी ही गुणी गाडी महिन्याभरात साडेआठवर आली होती. "टाकी गळतेय कुठेतरी," मी म्हणत होते. तेवढ्यात मागच्या मोटरसायकलवरचा माणूस उतरला, शर्टाची पर्वा न करता गाडीखाली शिरला आणि खालूनच म्हणाला, "गळत नाही... पितेय."

बाहेर आला तेव्हा कपाळावर काळा पट्टा होता. मला तो पुसावासा वाटला. अनोळखी माणसाचा.

"आज टाकी काठोकाठ भरा. किलोमीटर लिहून ठेवा," तो म्हणाला. "सोमवारी याच पंपावर पुन्हा भरा, हिशोब काढा आणि चौकातल्या माझ्या गॅरेजवर या."

गॅरेजवर सगळे त्याला मास्तर म्हणायचे, कारण तो प्रत्येक गोष्ट शिकवल्यासारखी समजावून सांगायचा. अंदाजानं काही बदलायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट करायची आणि आठवडाभर मोजायचं, हा त्याचा नियम. पहिल्या सोमवारी टायरमध्ये हवा कमी निघाली. दुसऱ्या सोमवारी एअर फिल्टर बदलला. मी रविवारीच कुर्ता इस्त्री करून ठेवायचे, आणि त्याच्यासमोर गेलं की कोरड्या आवाजात सांगायचे, "आठ पूर्णांक सहा." तो वहीत लिहायचा. झालं... संपली भेट.

आणि मग ती होती. समोरच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टर.

तिच्या नव्याकोऱ्या गाडीला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. तरी रोज यायची. "अरे, बघ ना जरा, कसलातरी आवाज येतोय." तो बघायला गेला की आवाज गायब. तिच्या 'अरे'नं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी अजून 'अहो'वरच होते. ती हसली की तिचे दात दिसायचे, एकसारखे, पांढरेशुभ्र. एखादा तरी किडावा, असं मी मनापासून इच्छिलं.

तिसऱ्या सोमवारी त्यानं मला गाडी फिरवून आणायला सांगितली. परत आल्यावर तो एकेका चाकाजवळ हात नेत गेला आणि मागच्या उजव्या चाकापाशी थांबला. "हात द्या." माझं मनगट धरून त्यानं तळवा चाकाजवळ नेला. धग लागली. चाकाची... आणि त्याच्या बोटांचीही.

"ब्रेक सुटत नाहीये," तो हळू म्हणाला. "तुम्ही पाय काढला तरी हा धरूनच बसतो. इंजिन बिचारं ओढत राहतं."

त्यानं ब्रेक खोलून साफ केला. पुढच्या सोमवारी मी पंपावर दोनदा भागाकार केला. बारा पूर्णांक एक.

आनंदानं उडी मारायला हवी होती मी. पण गॅरेजवर पोचले तर डॉक्टरीणबाई मी बसायचे त्या स्टुलावर बसलेल्या, हातात चहा, आणि तो खळखळून हसतोय. मला बघून तो उठला. "किती?"

आता गाडी बरी झाली. मी इथं येणार कशाला?

"नऊ," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. मग तो हट्टालाच पेटला. इंजेक्टर उतरवले, डिझेलचे पाइप तपासले. पुढच्या सोमवारी मी म्हणाले नऊ. त्यापुढच्या सोमवारी सव्वानऊ. घरी वहिनीनं विचारलं, "गाडी सुधारली ना? मग दर सोमवारी गॅरेज कशाला?"

"आवाज येतो," मी म्हणाले, आणि स्वतःचीच लाज वाटली.

त्याच्या पुढच्या सोमवारी मी आत शिरले तेव्हा तो डॉक्टरला सांगत होता, "तुझी गाडी दुसरीकडे दाखव आता." माझ्या मनात लाडू फुटले. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं. "मला एका व्हॅनचं निदान जमेना. महिनाअखेर गॅरेज बंद करतोय. एका वर्कशॉपमध्ये नोकरी बघितलीय." तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी हलकेच बोलली आणि गेली. त्या हाताचा मत्सर करायचंही मला सुचलं नाही.

"बारा पूर्णांक एक," मी म्हणाले.

"काय?"

"ब्रेक सोडवलात, त्याच आठवड्यात. तेव्हापासून बाराच देतेय."

त्यानं पाना खाली ठेवला. "झोपेतसुद्धा इंजेक्टर दिसतात मला. आणि तू..." तो थांबला. "का?"

"गाडी बरी झाली असं सांगितलं असतं तर मी कुठल्या तोंडानं आले असते? ती रोज येते. तुम्हाला अरे म्हणते..."

तो हसला नाही. नळाखाली बराच वेळ हात धूत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "दोनदा चहाला गेलो तिच्याबरोबर." त्यानं नळ बंद केला. "तिनं विचारलं म्हणून. ती बोलते तरी. तू येतेस, आकडा सांगतेस, निघतेस. मला वाटलं, हिला व्हॅनशिवाय जगात काही दिसत नाही."

"दिसतं," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून दिसतं."

तो वळला.

"उद्या ये. पाचला," तो म्हणाला. "चालत ये."

चाळीस मिनिटं चालत गेले. डॉक्टर गाडीला टेकून उभी होती. "अरे, आवाज परत आलाय."

"आज लवकर बंद. आणि ते नोकरीचं रद्द," म्हणत त्यानं शटर ओढलं. तिनं माझ्या धुळीनं भरलेल्या चपलांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मी दोन महिने जे गिळत होते ते तिच्या चेहऱ्यावर उमटलं. मला वाटलं होतं तेवढी मजा आली नाही. थोडी आली.

आम्ही चालायला लागलो. तो दोन पावलं पुढेच. "राग गेला नाही का अजून?" मी विचारलं.

"नाही."

"किती दिवस राहील?"

"दिवस?" तो म्हणाला. "कोपऱ्यापर्यंत."

कोपरा दहा पावलांवर होता.