आठवं पोतं

कलाखात्याचा पाहणी अधिकारी नाट्यगृहाच्या विंगेत पालथा पडला होता. डोक्याच्या मागच्या भागाचा चेंदामेंदा झाला होता. शेजारी उसवलेलं पोतं, त्याला दोराचा कापलेला तुकडा, आणि सांडलेली वाळू रक्तानं लाल झालेली. भाऊजींनी तोंडावर रुमाल दाबला.

"ओकायचं असेल तर बाहेर," वहिनी म्हणाल्या.

वहिनी खासगी गुप्तहेर, भाऊजी त्यांचे धाकटे दीर. डोकं वहिनींनी चालवायचं आणि पिशवी भाऊजींनी उचलायची, अशी दोघांची वाटणी होती.

त्यांना बोलावलं होतं दोरीमास्तरच्या मुलीनं. तिचा बाप इथले रंगवलेले पडदे दोरांनी वर-खाली करायचा. आता तो बेड्यांत बसला होता. ओठ फाटलेला आणि उजव्या हाताची बोटं बुटाखाली चिरडलेली.

"कबूल करेना, म्हणून जरा समजावलं," फौजदार म्हणाला. "वरून पोतं सोडलं, खेळ खलास. साहेब सरकारी मदतीचा निकाल लावायला आलेले. ती बंद झाली की याची नोकरी जाणार. उद्या न्यायाधीशापुढे उभा करतो, फासावरच जाईल."

"मी नाही मारलं," मास्तर पुटपुटला. भाऊजींना फौजदाराच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

वहिनींनी मान वर केली. "भाऊजी, पडदे किती?"

"सात. सगळे वर ओढलेले."

"आणि वजनाची पोती?"

भाऊजी मोजायला मागे सरले आणि गुडघा एका पोत्यावर आपटला. "आई गं! सात. सगळी खालीच लोंबताहेत. दगड भरलेत की काय?"

"खडी," मुलगी म्हणाली. "वाळू झिरपते, वजन घटतं. बाबा वाळू भरतच नाहीत."

प्रेताखालून वहिनींनी अधिकाऱ्याचा पाहणीचा तक्ता ओढून काढला. आग विझवायच्या वाळूच्या नोंदीत शेवटची ओळ होती : 'व्यवस्थापकांची खोली, बादल्या चार, भरलेल्या. वेळ चार.' प्रेत सापडलं पाच वाजता.

नाटकातल्या नायिकेचे डोळे रडून सुजले होते. "साडेतीनला साहेबांनी माझ्यासोबत चहा घेतला. म्हणाले, मदत चालू ठेवतो, फक्त तुमचा व्यवस्थापक बदलायला हवा. मला मेलीला पोटात काही राहत नाही. लगेच जाऊन व्यवस्थापकांना सांगितलं, हसत हसत."

व्यवस्थापकाच्या दारात भाऊजींचा पाय बादलीला लागला. ती खडखडत थेट जिन्यापर्यंत गेली. उरलेल्या तिन्ही जागेवर होत्या.

"चार ते पाच मी इथंच," व्यवस्थापक म्हणाला. "दार सताड उघडं. चिटपाखरूही फिरकलं नाही."

"नक्की?"

"शपथेवर सांगतो."

वहिनींनी सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं.

"फौजदारसाहेब, पडदा आणि पोतं एकाच दोराच्या दोन टोकांना असतात. पडदा वर गेला की पोतं खाली येतं. इथं सातही पडदे वर आहेत, म्हणजे सातही पोती खाली. मग वरून पडलं काय?"

फौजदारानं मान वर करून पडदे मोजले.

"पडलं काहीच नाही. मास्तरांची पोती खडीची, हे आठवं वाळूचं. ते कुणीतरी उचलून आणलं, वाकलेल्या माणसाच्या डोक्यात घातलं आणि अपघात दिसावा म्हणून दोराचा तुकडा बांधला. दोर ओढणारा हे सोंग कधीच करणार नाही, त्याला ते हास्यास्पद वाटेल. हे केलं ते रंगमंचावर कधी पाऊल न टाकणाऱ्यानं."

"वाळू कुठूनही येईल," व्यवस्थापक म्हणाला.

"चार वाजता तुमच्या दारातल्या बादल्या भरलेल्या होत्या, मेलेल्या माणसाच्या अक्षरात आहे. आता एक बादली लाथेनं जिन्यापर्यंत जाते. भरलेली हलली असती का? बाकीच्या तिन्हींचेही तळ मी पाहून आले. तासभर तुम्ही दारात आणि कुणी फिरकलं नाही, हे शपथेवर कोण म्हणालं? वाळू कुणी नेली?"

व्यवस्थापकाचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्या क्षणी त्यानं वहिनींचा गळा आवळला. "बारा वर्षं मी ही संस्था चालवली! तो कोण मला हाकलणारा?"

वहिनींचे डोळे वर गेले. भाऊजींनी जन्मात पहिल्यांदा वेळेवर काही केलं. त्यांच्या ठोशानं व्यवस्थापकाचे दोन दात फळ्यांवर उडाले. तो पडला तरी ते मारतच राहिले. हवालदारानं ओढून काढलं तेव्हा ते रडत होते.

मास्तरच्या बेड्या निघाल्या. मुलीनं त्याला मिठी मारली.

"झालं ते झालं, मास्तर," फौजदार खाकरला. "सुटलात. मदतही चालू राहील तुमची."

मास्तरनं उजवा हात त्याच्यापुढे धरला. बोटं काळीनिळी पडून भलत्याच दिशांना वळली होती.

"उद्या संध्याकाळी खेळ आहे, साहेब," तो म्हणाला. "दोर तुम्ही ओढायला या. मी शिकवतो."

फौजदारानं टोपी घातली, पुन्हा काढली. त्याला त्या हाताकडे बघवेना.