झाकण्याची सोय

अंजनखोल बंदरावरच्या क्रेनच्या केबिनमध्ये ना पडदा होता, ना बटणं. दिगंबर तांडेल खुर्चीत बसला की वाऱ्याचा वेग, दोरावरचा ताण, जहाजाचा कल आणि खाली उभी असलेली माणसं, असं सगळं त्याच्या डोळ्यांतल्या भिंगावर उमटे. एकेका माहितीचा एकेक चौकोन, फरशीच्या लाद्यांसारखा शेजारी शेजारी बसवलेला. नवा चौकोन आला की जुने थोडं थोडं अंग चोरत आणि त्याला जागा करून देत. एक दुसऱ्यावर कधीच चढत नसे.

या चौकोनांना खण म्हणत आणि ते मांडणाऱ्या प्रोग्रॅमला चौखण. भिंगं बनवणाऱ्या कंपन्यांच्या आपापल्या मांडण्या होत्या, त्यात एका खिडकीवर दुसरी खिडकी खुशाल उघडे. पण जिथे एक सूचना झाकली गेली तर माणूस मरतो, तिथे सगळे चौखणच वापरत. क्रेनवाले, भूल देणारे डॉक्टर, विमानतळावरचे नियंत्रक, अशी एकोणीस लाख माणसं. आणि या एकोणीस लाखांचं चौखण गेली सोळा वर्षं रत्नागिरीतल्या एका घराच्या वरच्या खोलीतून मृण्मयी सबनीस सांभाळत होती.

सांभाळणं म्हणजे न संपणारी डागडुजी. बाजारात नवं भिंग आलं की चौखणात काहीतरी मोडे. कुणाचा खण अर्धाच उमटे, कुणाची अक्षरं उलटी दिसत. तक्रार येई, मृण्मयी दोष शोधून काढी, नवी आवृत्ती सोडी. कुणी तिला हे काम दिलं नव्हतं. ज्यांनी चौखण पहिल्यांदा लिहिलं ते गृहस्थ वारले, तेव्हा तक्रारींना उत्तर द्यायला कुणीतरी हवं होतं, म्हणून ती देऊ लागली. प्रोग्रॅमच्या अगदी वर त्या गृहस्थांनी एक नियम लिहून ठेवला होता: ‘कुठलाही खण दुसऱ्या खणाला झाकणार नाही.’ झाकण्याची सोय द्या, अशी मागणी वर्षातून दहा-बारा वेळा येई. मृण्मयी ती दोन ओळींत नाकारी.

त्या वर्षी मार्गशीर्षात मेंदूच्या डॉक्टर निलोफर मुकादम तीच मागणी घेऊन घरी आल्या. सोबत दिगंबर तांडेल होता.

“यांनी बावीस वर्षं चौखण वापरलंय,” डॉक्टर म्हणाल्या. “आता भिंग काढून ठेवलं तरी ते चालूच राहतं.”

“भिंगाशिवाय कुठे चालणार?”

“डोक्यात. हे बघा, तुमच्या-माझ्या आठवणी एकावर एक साचत जातात. जुनी पुसली जात नाही, नुसती खाली जाते. तिचा एखादा कोपरा मधूनच बाहेर डोकावतो, तेवढंच. पण मेंदूला जे रोज दाखवाल ते तो शिकतो. बावीस वर्षं रोज दहा तास यांच्या मेंदूनं एकच गोष्ट पाहिली, की काही झाकायचं नसतं. आता तो आठवणीसुद्धा शेजारी शेजारी मांडतो. मी याला समतलपणा म्हणते. माझ्याकडे अशी एकसष्ट माणसं आहेत.”

मृण्मयी दिगंबरकडे वळली. “तुम्हाला नेमकं काय होतं?”

“माझी बायको, सुहासिनी, चार वर्षांपूर्वी गेली,” तो म्हणाला. “नर्सनं तिच्या बांगड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. ती पिशवी.”

“दुःख तर प्रत्येकाला होतंच.” बोलून गेल्यावर मृण्मयीला आपलंच बोलणं कोरडं वाटलं.

दिगंबरला राग आला नाही. “होतं ना. तरुणपणी माझा भाऊ गेला. तेव्हा मी भिंग लावत नव्हतो. ते हळूहळू लांब गेलं. ही पिशवी लांब जातच नाही, मॅडम. जेवायला बसलो की ताटाशेजारी ताटाएवढी पिशवी. नातीचं बारसं झालं तेव्हा पाळण्याशेजारी पाळण्याएवढी. सुहासिनीला विसरायचं नाहीये मला. ती जरा मागे सरकली, तर मी नातीचं तोंड नीट बघेन.”

 मृण्मयीने डॉक्टरांना विचारलं, “झाकायची सोय दिली तर मेंदू तेही शिकेल?”

“एक शिकला तसं दुसरंही शिकेल.”

“आणि कुणी ताणाचा खण झाकून ठेवला तर? खाली माणसं असतात.”

“कामाच्या वेळी बंद ठेवा ती सोय,” दिगंबर म्हणाला. “मीही खाली उभा राहून हूक लावलेत, मॅडम. मला कळतं.”

मृण्मयीने तीन आठवडे लावून सोय लिहिली. डोळे मिटून नजर खाली वळवली की एक खण दुसऱ्याखाली जाई. नजर वर नेली की परत येई. जुना नियम तिने पुसला नाही, त्याच्या आधी फक्त दोन शब्द घातले: ‘कामाच्या वेळी’.

दिगंबर रोज तासभर साध्या चित्रांचे खण एकमेकांखाली सरकवायचा सराव करू लागला. चौथ्या महिन्यात त्याचं पत्र आलं. पिशवी बशीएवढी झाली होती. सहाव्या महिन्यात ती गेली. बाकीच्या साठ जणांचंही तसंच झालं, तेव्हा मृण्मयीने ती आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. आठ महिन्यांत चार लाख माणसांनी सोय चालू केली. आभाराची इतकी पत्रं आली की तिने ती वाचणं सोडून दिलं.

त्यानंतरच्या चैत्रात दिगंबर फणसपोळी घेऊन भेटायला आला. अंगाने भरला होता. नात चालायला लागल्याचं त्याने हावभावांसकट सांगितलं.

“सुहासिनीताईंची आठवण येते ना अधूनमधून?” मृण्मयीने विचारलं.

एखादा भलताच पत्ता विचारल्यावर माणूस जसं अदबीने बघतो, तसं त्याने पाहिलं. “कुणाची?”

“तुमच्या पत्नीची.”

“हां हां. घरी फोटो आहे. मुलगी सांगते त्यांच्याबद्दल.”

“नजर वर नेऊन बघा ना एकदा.”

“खाली काय ठेवलंय तेच ठाऊक नाही, मॅडम, मग काढायचं कशासाठी? काही अडत तर नाही.” आणि तो पुन्हा नातीच्या गोष्टींकडे वळला.

तो गेल्यावर मृण्मयीने डॉक्टरांना फोन लावला.  डॉक्टर म्हणाल्या, “मेंदू स्वतः झाकतो तेव्हा कोपरे उघडे राहतात. त्या कोपऱ्याला धरूनच आपण आठवण वर ओढतो. चौखण झाकतं ते पूर्ण झाकतं. कोपरा ठेवायचा असतो, हे आपण त्याला दाखवलंच नाही.”

“मी सोय मागे घेते.”

“घ्या. पण जे खाली गेलंय, ते मागायला कोण येणार आहे? तक्रारी किती आल्या?”

मृण्मयीने यादी उघडली. चार लाख माणसं, पंधरा महिने, एकही तक्रार नाही. सोळा वर्षांत तिला प्रत्येक दोष तक्रारीतूनच कळला होता. हा दोष ज्याला होई, त्याला तो झाल्याचं कळत नसे.

सोय मागे घेण्याआधी ती कुणी किती वापरली याची नोंद तिने चाळली. पहिलीच नोंद तिच्या स्वतःच्या नावावर होती. प्रत्येक नवी आवृत्ती ती आधी आपल्यावर चालवून बघे, तेव्हा त्यात नवल नव्हतं. सरावाची चित्रं एकूण चाळीस. त्यांच्याखाली, दोन महिन्यांनंतरच्या तारखेला, आणखी एक खण झाकल्याची नोंद होती. तो चित्राचा नव्हता; भिंगावर काहीच नसताना नजर खाली वळली होती. तो अजून खालीच होता.

तिने आठवून पाहिलं. घरात कुणाचं काही झालं होतं का? भिंतीवर तिच्या आईचा फोटो होता, वडिलांचा होता. तिसऱ्या एका चौकटीत पंचविशीतली एक मुलगी हसत होती. चेहरा ओळखीचा वाटला नाही. चौकट मात्र रोज पुसलेली दिसत होती, बहुधा तिनेच.

नजर वर न्यायला क्षणभरही लागला नसता. पण तसं करावं असं मनापासून वाटेना. काही अडतही नव्हतं.

तिने सोय मागे घेणारी आवृत्ती सोडली आणि पुढची तक्रार उघडली. एका नव्या भिंगात खणांमधली फट एका रेषेने जास्त दिसत होती. ती दुरुस्त करायला तिला वीस मिनिटं लागली.