पूल तुटलाय, मधमाश्या उठल्यात

जंगलातल्या त्या वळणावर तो भेटला तेव्हा मी हसले नाही, एवढं प्रामाणिकपणे सांगते. गळ्यात दुर्बीण, पँट दवाने गुडघ्यापर्यंत ओली, आणि उभा कुठे, तर नेमका माझ्या झाडाकडे बघत!

त्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी तोंड आतून लिंपून अंड्यांवर बसली होती. उघडी फट चोच मावेल एवढीच. नर दिवसभर फळं आणून तिला भरवतो; माणसांना बिचकून तो यायचा थांबला, तर आतली सगळी उपाशी मरतात. जीवशास्त्रात डॉक्टरेट करून मी पर्यटकांना पक्षी दाखवते खरी, पण हे झाड कुणालाच दाखवणार नव्हते. आईलासुद्धा नाही. तिला तसंही पक्ष्यांत रस नाही, ती रोज फोनवर एवढंच विचारते, "सापडला का कोणी?"

"तुम्ही पलीकडच्या कॅम्पचे गाईड ना?" मी कुजबुजले.

"हो. आणि तुम्ही त्या… पाहुण्यांना तोंड उघडू न देणाऱ्या."

"या झाडाबद्दल कुठे बोललात, तर गाठ माझ्याशी आहे!"

"ती तर पडलीच की—" तो म्हणाला आणि हसला. गालाला खळी. अवघड प्रकरण.

वचन मात्र त्याने दिलं नाही, आणि तेच मला खात राहिलं. त्याच्या कॅम्पच्या फाटकावर पाटीच होती, 'इथे धनेश दिसतोच'. पुढचे आठ दिवस मी माझ्या पाहुण्यांना लांबच्या वाटेने फिरवलं. "तिकडे मधमाश्या उठल्यात," असं ठोकून द्यायचे. वाटेत त्याची जीप समोरून आली की तो हात उंचावायचा आणि मी दुर्बीण डोळ्यांना लावून नसलेला पक्षी शोधायचे. मला तो आवडायला लागला होता. ज्याच्यावर भरवसा नाही तोच आवडावा, यासारखी डोकेदुखी नाही!

नवव्या दिवशी आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या. आदल्या आठवड्यात त्या त्याच्या कॅम्पवर होत्या. सकाळच्या चहाला मी मधमाश्यांचा विषय काढला आणि बाई कप खाली ठेवून म्हणाल्या, "अगं, खरं काय मानायचं? तो मुलगा तर म्हणाला, त्या वाटेवरचा पूल तुटलाय!"

"कधी म्हणाला?"

"रोज! चार कॅमेरेवाले हात धुऊन मागे लागले होते त्याच्या. धनेश दिसला नाही म्हणून त्यांनी तक्रार केली. मालक सगळ्यांसमोर बोलला त्याला, पुन्हा असं झालं तर घरी बस म्हणाला. पोरगं म्हणतं कसं, 'चूक माझीच, मला नाही सापडला.'"

मी हातातलं बिस्किट चहात विसरले. त्या वाटेवर साधा ओढा नाही, तर पूल कुठला! आणि 'मला नाही सापडला' हे चारचौघांत म्हणणं कुठल्याही गाईडच्या जिवावर येतं.

दुपारी मी थेट त्याच्या कॅम्पवर गेले. तो पायरीवर बसून दुर्बिणीची भिंगं पुसत होता.

"तुमचा पूल बघायला आले."

त्याचे कान लाल झाले. "जपून हं… मधमाश्या आहेत तिकडे."

"नोकरी गेली असती तुमची!"

"दुसरी मिळेल. तो धनेश बिचारा पहाटेपासून फेऱ्या मारतो हो… त्याच्या संसारात आपण कशाला माती कालवायची?"

"मग त्या दिवशी वचन का नाही दिलंत?"

"दिलं असतं, तर तुम्ही पुन्हा दरडावायला आला नसता." त्याने मान वर केली. "तुम्ही त्या वेळेला तिथे येता, हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी धनेशासाठी उभा नव्हतो."

एकदा मनात आलं, लाजावं. जमलं नाही.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "लपवाछपवी मी फक्त झाडापुरती करते."

भिंग पुसायचं फडकं त्याच्या हातातून पडलं. ते उचलायला आम्ही दोघं एकदमच वाकलो, आणि बराच वेळ ते कुणीच उचललं नाही.

काही आठवड्यांनी, लांबच्या झुडपाआडून, आम्ही दोघांनी मादीला लिंपण फोडून बाहेर येताना पाहिलं. नर फांदीवर फळ धरून थांबला होता. माझे डोळे भरून आले, तेव्हा त्याने माझा हात धरला.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. आई!

"सापडला का कोणी?"

"सापडला," मी कुजबुजले. "पण कुठे, ते नाही सांगणार."