पाच वाजताचं खोटं

"माय, डोळे मिट गं... प्रार्थनेची वेळ झाली!"

कोकिळेने आईचा लुळा हात आपल्या ओंजळीत घेतला आणि खाटेच्या कडेला गुडघे टेकले. सुलाबाईंनी मात्र डोळे मिटले नाहीत. चार दिवसांपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, वाचा तर गेल्या वर्षी अर्धांगवायूनेच नेली होती... उरले होते ते फक्त डोळे, आणि ते लेकीच्या चेहऱ्यावर असे खिळले होते, जणू काही मागत होते! काय मागत होते ते कोकिळेला ठाऊक होते. म्हणूनच तिने मान खाली घातली.

पालमपासून आत, आडवळणाच्या त्या गावात ख्रिस्ती घर हे एकच. तिच्या वडिलांनी, माणिकरावांनी, ख्रिस्तावर विश्वास धरला तेव्हाच घराला शिस्त लावली होती. सकाळी साडेपाचला चौघांनी सतरंजीवर बसायचे, एक स्तोत्र वाचायचे, प्रार्थना करायची आणि मगच चूल पेटवायची. कोकिळेला त्या अर्ध्या तासाची गोडी होती. धाकट्या ओमप्रकाशला मात्र तो जाच वाटे. सतरावे वर्ष, डोक्यात पोलीस भरतीचे वेड...

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी तो प्रार्थना चुकवून, वडिलांची मोटारसायकल हळूच ढकलत नेऊन, पालमच्या मैदानावर पळायला गेला. आणि सहाच्या सुमारास, 'आमेन' म्हणता म्हणता माणिकराव छाती धरून आडवे झाले! पहिली एसटी नऊची. ओमप्रकाशजवळ फोन नव्हता. कोकिळा अनवाणी गावभर धावली, दारोदार हात जोडले. टेम्पो मिळेपर्यंत तास गेला. पालमच्या दवाखान्याच्या पायरीवरच माणिकरावांनी प्राण सोडला.

"अर्धा तास आधी आणलं असतं तर..." डॉक्टर एवढेच म्हणाले.

बातमी कळताच धुळीने माखलेल्या पायांनी ओमप्रकाश मैदानावरून धावत आला, तो नेमके हेच ऐकत. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आक्का... गाडी तर मी..."

त्या एका क्षणात कोकिळेला भावाचे सगळे पुढचे आयुष्य जळताना दिसले आणि ती बोलून गेली, "तुझ्या गाडीचं काय न्हाई रे. आबाला पाचलाच दुखायलं होतं. तू झोपला होतास, गाडी दारातच होती. मीच म्हणलं, प्रार्थना होऊ द्या, मग जाऊ..."

त्याने विश्वास ठेवला. ते ओझे आपले नाही, असे कुणी सांगितले तर सतरा वर्षांचे पोर आणखी काय करणार!

"तुझ्या प्रार्थनेनं बाप खाल्ला माझा!" प्रेतासमोरच तो किंचाळला.

ते शब्द पंचक्रोशीत पसरले. कोकिळेची जिंतूरकडची ठरलेली सोयरीक मोडली. पालमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बाया तुटक वागू लागल्या. ओमप्रकाश भरती होऊन परभणीला गेला, लग्न केले, बहिणीला बोलावलेसुद्धा नाही. आईला सारे ठाऊक होते. पण "तुझ्या लेकराला जगू दे, माय," म्हणून कोकिळेने तिला गप्प बसवले होते. आणि आता त्या माउलीला बोलायचे होते, तर जीभच उरली नव्हती!

आईला कमी ऐकू येई, म्हणून कोकिळा मोठ्यानेच प्रार्थना करी. आताही ती तशीच बोलू लागली.

"प्रभू, आजबी तेच सांगते... मी खोटं बोलले. आबाला दुखायलं तवा ओम गाडी घेऊन गेला होता. मायला वाटतंय, मी त्याला सांगावं. पण कळल्यावर तो कसा जगंल, देवा? त्याचा राग माझ्यावरच राहू दे..."

दारात काहीतरी धपकन पडले.

कोकिळेने वळून पाहिले. 'माय जेवत नाही,' हा तिचा निरोप मिळताच निघालेला ओमप्रकाश उंबऱ्यात उभा होता. बॅग पायाशी पडलेली.

"आक्का, आबाला कवा दुखायलं?"

"...पाचला."

"आत्ता प्रभूशी बोललीस, अन् लगेच खोटं बोलायलीस?"

तो तिच्या पायांशी कोसळला. "अकरा वर्सं! तुला बापाची मारेकरी म्हणलो मी... अन् तू रोज माझ्यासाठी गुडघे टेकायलीस? का केलंस गं असं?"

"सतरा वर्साचं लेकरू होतास तू..." तिने त्याचे डोके छातीशी धरले. "मी कवाच माफ केलं रे तुला."

"तू केलंस. मी मला कसं करू, आक्का?"

खाटेवरून सुलाबाई दोघांकडे पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळले आणि कित्येक महिन्यांनी त्या माउलीने शांतपणे डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

माती दिल्यावर ओमप्रकाश परभणीला परतला. जाण्याआधी त्याने पालमला रविवारच्या मंडळीसमोर सारे खरे सांगितले. बायका रडल्या, कोकिळेचे हात धरले. पण मोडलेली सोयरीक काही परत येणार नव्हती, आणि ओमप्रकाशची झोपही.

आता रोज सकाळी साडेपाचला त्याचा फोन येतो. कोकिळा स्तोत्र वाचते आणि त्याने प्रार्थना करावी म्हणून थांबते. काही दिवशी तो दोन शब्द बोलतो. पुष्कळदा पलीकडून नुसते हुंदके ऐकू येतात... ती घाई करत नाही. ते ओसरेपर्यंत फोन कानाशी धरून बसते, आणि मग दोघांच्या वतीने आमेन म्हणते.